अण्णांच्या डोक्यावरचं पाणी

अजूनही दुपारच्या वेळी लांब कुठे दगडखाणीत बार उडाला की माझ्या हातातलं काम थांबतं आणि मी मोजू लागते. एक. दोन. तीन. सून हसून म्हणते, "आईंची हजेरी सुरू झाली." हजेरीच ती. शाळेच्या हजेरीत एखादा गैरहजर राहिला तर काही बिघडत नाही. आमच्या हजेरीत गैरहजर राहिलेला बार जीव घेऊ शकत होता, आणि तो जीव बहुतेक माझ्या वडिलांचा असणार होता.

गेल्या महिन्यात नेकनूरला एका लग्नाला गेले होते. जेवणं उरकल्यावर कुणाला न सांगता रिक्षा केली आणि आमच्या जुन्या वस्तीवर गेले. वस्ती म्हणजे आता चार घरं. चर्चचे पत्रे नवे घातलेत. विहीर मात्र आहे तिथेच आहे. तिला आता सिमेंटचा कठडा आहे, वर लोखंडी जाळी आहे आणि तीन मोटारींचे पाइप तिच्यात तोंड खुपसून बसलेत. शेजारी मजुरांच्या संस्थेची पाटी गंजून उभी आहे, तिच्यावरचं 'सहकारी' एवढंच वाचता येतं. सभोवार ऊस. पाणी दोन हातांवर आलेलं. मी जाळीवरून वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरले. साठी उलटलेली बाई मी, भरल्या विहिरीला भ्यायचं ते काय? पण मला पाणी दिसतच नव्हतं. मला त्याच्या खालचा काळा पाषाण दिसत होता, आणि त्यावर उकिडवे बसलेले अण्णा.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आमच्या ख्रिस्ती वस्तीतल्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांतल्या माणसांनी मिळून मजुरांची सोसायटी काढली होती. ती विहिरी फोडायची कामं घेई. ही विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी फोडायला घेतलेली. आठ परस, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल गेली, तरी खाली नुसता झिरा. तळाच्या एका कोपऱ्यात रात्रभरात एवढंसं पाणी साचे. सकाळी ते करवंटीने भरून वर ओढायचं, घरटी एक कळशी वाटायची, आणि मग पहारींचा आवाज सुरू व्हायचा. अण्णा या सोसायटीचे सुरुंगवाले होते.

दुपारपर्यंत पाषाणात भोकं पाडून व्हायची. मग बाकीचे मजूर वर येत आणि अण्णा एकटेच खाली जात. यारीचा, म्हणजे काठावरच्या ओढायच्या चाकाचा, दोर धरण्याआधी ते काठावर उभे राहून वस्तीकडे तोंड करून ओरडत, "आज सात हायेत होऽ!" कधी पाच, कधी सात. तो आकडा अख्ख्या वस्तीने लक्षात ठेवायचा, ही रीत. खाली जाऊन ते भोकांत तोटे भरत, माती ठासत, मग बिडी पेटवत आणि बिडीने एकेक वात. एरवी अण्णांच्या तोंडात बिडी कुणी पाहिली नाही. दोर हलला की वरची माणसं यारीचं चाक जिवाच्या आकांताने फिरवत. अण्णा वर आले की एकच आरोळी, "बार हाय रेऽ, बार!" बाया कळशांवर ताटल्या झाकत, शेरडं आत ओढत, आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत घेत. आई तापल्या तव्यापुढे हातावर भाकरी घेऊन थांबून राही, पण सगळे बार मोजून होईपर्यंत ती तव्यावर टाकत नसे. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची ती भाकरी, आईच्या बोटांच्या खुणा तिच्यावर उमटलेल्या असत.

सात म्हटले आणि सात ऐकू आले की वस्ती श्वास सोडी. सहाच ऐकू आले तर एक बार तळाशी बसला. म्हणजे वात विझली असेल, किंवा ती आतल्या आत धुमसत असेल. कोण सांगणार? अशा वेळी दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत विहिरीत कुणी पाय घालायचा नाही, असा सोसायटीचा कडक नियम होता. आणि सकाळी पहिला उतरायचा तो ज्याने बार भरले तो. म्हणजे अण्णा.

सुरुंगाच्या तोट्यांना एक गोडसर वास असतो. तो हाताला लागला की डोकं ठणकतं. अण्णांचं डोकं कायम फडक्याने आवळलेलं असे. हात धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ते राखेने हात चोळत. तरी वास राहायचाच. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला की मलाही संध्याकाळपर्यंत डोकेदुखी. आई ओरडे, "हात लावू नगा पोरीला." मी मात्र मुद्दाम त्यांच्या हाताखाली डोकं नेत असे. तो वास आता कुठे मिळत नाही, आणि मिळाला तरी मला सोसणार नाही.

आई जन्माची ख्रिस्ती, मीही तान्ही असताना पाळकसाहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली. अण्णांनी तो घेतला नव्हता. त्यांची आई दुसऱ्या गावी थोरल्या भावाकडे होती, आणि ती आहे तोवर धर्म बदलणार नाही असा शब्द त्यांनी तिला दिला होता. पण रविवारी रुळाच्या तुकड्यावर घण पडून उपासनेची घंटा झाली की ते आमच्याबरोबर निघत. आम्ही आत जायचो, ते बाहेरच्या पायरीवर बसत. गाणी त्यांना सगळी पाठ होती. प्रभुभोजनाची ताटली फिरायची तेव्हा मी मागे वळून दाराकडे पाही. पाठमोरे अण्णा जमिनीवर काडीने काहीतरी रेघा ओढत असत.

आमच्या शब्बाथशाळेला रूथबाई येत. पांढरं लुगडं, कडक आवाज, मायाही तितकीच. उपासप्रार्थनेच्या दिवसांत त्या स्वतः दोन दोन दिवस काही खात नसत. त्यांनी आम्हाला एकदा विचारलं होतं, "घागर रिकामी हाय. तुमी ती चिंच लावून लख्ख घासली. तहान भागंल का?" आम्ही एका सुरात ओरडलो, "न्हाईऽ!" "तसंच हाय. माणसानं कितीबी चांगली कामं केली, पण इश्वासानं येशूचा झाला न्हाई, पाणी घेतलं न्हाई, तर ती घासलेली रिकामी घागर. तारण कामानं न्हाई, इश्वासानं." बाकीची पोरं सुट्टी झाल्यावर खेळायला पळाली. मी तिथेच बसून राहिले. कारण माझ्या ओळखीत सगळ्यांत लख्ख घासलेली घागर अण्णाच होते.

घरी येऊन मी ते अण्णांना सांगितलं. ते चपलेचा अंगठा शिवत बसले होते. हसले आणि म्हणाले, "बाईचं खरं हाय. पर पाणी हाय आन घागरच न्हाई, तर न्हेशील कशात गं?" आई तोंडाला पदर लावून हसली. मला मुळीच हसू आलं नाही. देवाच्या गोष्टीत हा माणूस विनोद करतो, आणि रोज दुपारी सात सात वाती पेटवायला खाली जातो! मला वाटलं, याला मोजायला फक्त माझे कान आहेत, आणि वर कुणीच मोजत नाही.

त्या दिवसापासून भीतीने मला धरलं ते धरलंच. पूर्वी बार उडत तेव्हा मी त्यांच्या हाता-पायांसाठी भ्यायची. आता मला त्यांच्या नंतरची भीती वाटू लागली. अण्णा मेले तर आई आणि मी एकीकडे जाऊ आणि ते दुसरीकडे, कायमचे. रूथबाईंनी त्या दुसऱ्या जागेचं वर्णन करताना सांगितलं होतं की तिथे पाण्याचा थेंब मिळत नाही. दुष्काळात वाढणाऱ्या पोरीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बार मोजताना माझे दात वाजत. सातवा आला की मी परसात जाऊन उलटी करी, आणि आईला वाटे मिलो पचत नाही.

गावाच्या टोकाला काशीआजी राहायच्या. वाण्याचं घर, दुकान केव्हाच मोडलेलं, मुलं पोट भरायला मुंबईकडे गेलेली. एकट्याच. पूर्वी आमच्या वस्तीतल्या कुणाची सावली त्यांच्या ओट्यावर पडत नसे. पण त्या उन्हाळ्यात त्यांना चालवेना. गावातल्या बाया दोन दिवस पाणी देत, तिसऱ्या दिवशी विसरत. विहीर फोडणाऱ्यांना तळाच्या उकाड्यात काम करायचं म्हणून सोसायटी एकेक चरवी पाणी जास्तीचं देई. अण्णा त्यातलं घोट दोन घोट पीत आणि उरलेलं ओल्या फडक्यात गुंडाळून उन्हं कलली की आजींच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवत. पहिले चार दिवस आजींनी ते तसंच राहू दिलं. पाचव्या दिवशी कपिलधारच्या देवस्थानातल्या विभूतीची चिमूट चरवीत सोडली, डोळे मिटले आणि प्यायल्या. म्हणाल्या, "पाताळातलं पाणी हाय. त्याला कुणाचा विटाळ न्हाई." अण्णा म्हणाले, "टाका माय, अजून चिमूटभर टाका. चरवी बी शुद्ध व्हऊ द्या." आजी हसल्या. तेव्हापासून त्या फक्त अण्णांच्या हातचं पाणी घेऊ लागल्या, बाकी कुणी दिलं तर नको म्हणायच्या. म्हातारपणाचा हट्ट म्हणा, की आणखी काही म्हणा.

ही गोष्ट मी रूथबाईंना सांगितली. त्यात थोडी आशा होती माझी. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझा बाप लई भला हाय. म्हनूनच मला त्याची जास्त काळजी." त्याच दिवशी त्यांनी आम्हाला साथीच्या वर्षीची एक गोष्ट सांगितली. एका विश्वासू बाईचा नवरा मरायला टेकला, नदीला पूर, पाळक पलीकडे. तिने माठातलं पाणी घेतलं, नवऱ्याच्या डोक्यावर तीनदा ओतलं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि ते देवाने मान्य केलं. बाईंनी ती गोष्ट विश्वासाचा मोठेपणा कळावा म्हणून सांगितली असणार. मी तिच्यातून फक्त कृती उचलली.

आणि मग तो दिवस आला. अण्णांनी काठावरून सात म्हणून सांगितलं, आणि सहाच उडाले.

आई हातातली भाकरी तशीच धरून उभी. सगळी वस्ती उंबऱ्यात उभी. धूळ खाली बसली, होले परत लिंबावर येऊन बसले, तरी सातवा आला नाही. सोसायटीचे मुकादम सोपानराव काठावरून ओरडले, "बार बसला! कुणी उतरू नगा बे! उद्या सकाळी बघू." अण्णा लवकर घरी आले, परातीतली भाकरी खाल्ली आणि दारातल्या लिंबाखाली गोधडीवर आडवे झाले. डोक्याचं फडकं त्यांनी सोडून ठेवलं होतं. कपाळावर त्याचा पांढरा पट्टा उमटला होता. थोड्या वेळाने ते घोरू लागले. उद्या सकाळी ते धुमसत्या बाराजवळ एकटे उतरणार, हे माहीत असून घोरत होते!

आई माझ्या तान्ह्या भावाला घेऊन शेजारी गेली होती. कळशी आत होती, तिच्यात तळाला थोडं पाणी होतं. त्याला मी हात लावला नाही, ते भावाचं. लिंबाच्या बुंध्याशी ओल्या फडक्यात अण्णांची चरवी होती. माझ्या मते ते पाणी अण्णांचंच. सोसायटीने त्यांना दिलेलं, त्यांच्या घामाचं. त्यांचं पाणी त्यांच्याच डोक्यावर ओतलं तर चोरी कशी होईल? काशीआजी मला आठवल्याच नाहीत असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे आठवल्या होत्या. दोन दिवस त्या तापाने फणफणत होत्या, हेही मला माहीत होतं. मी त्यांना मनातून बाजूला सारलं.

चरवी उचलली तेव्हा पाणी काठावर हिंदकळलं. मी गुडघे टेकले. पहिल्यांदा ओतलं आणि म्हटलं, पित्याच्या. पाणी त्या पांढऱ्या पट्ट्यावरून कानामागे गेलं. दुसऱ्यांदा ओतलं आणि म्हटलं, पुत्राच्या. आणि अण्णांनी डोळे उघडले. माझा हात दचकून उलटा झाला, उरलेलं सगळं पाणी भसकन त्यांच्या डोक्यावर पडलं, आणि तिसरं नाव घ्यायचं राहून गेलं.

ते उठून बसले. मिशांतून पाणी ठिबकत होतं. आधी त्यांनी ओठ चाटले. त्या उन्हाळ्यात कुणीही तेच केलं असतं. मग रिकाम्या चरवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंस गं हे?"

"बाप्तिस्मा," मी म्हटलं. "उद्या तुमी खाली जानार. तुमी मेले तर मला दिसनार न्हाई."

अण्णांनी चरवी सरळ करून ठेवली. तळहाताने डोळ्यांवरचं पाणी पुसलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हनली का समदं? जसं म्हनायचं तसं?"

मी म्हटलं, "हां."

"मंग झालं," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "म्हातारीचं पानी व्हतं गं माय ते."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोधडीचा ओला कोपरा चरवीवर पिळला. दोन थेंब पडले. आई आली, तिने कळशी उलटी केली तर फुलपात्रभर निघालं, आणि कडेवर भाऊ रडत होता. पाण्याची बैलगाडी दोन दिवस आली नव्हती. आमच्याकडे तेव्हा पीठ उसनं मिळे, मीठ मिळे, पाणी कुणी कुणाला मागत नसे. मागणाऱ्याला लाज आणि नाही म्हणणाऱ्याला त्याहून जास्त. अण्णांनी चरवी घेतली, करवंटी घेतली, डोक्याचं फडकं चरवीभोवती गुंडाळलं आणि विहिरीकडे निघाले. आईला ते कळायला क्षणभर लागला. मग ती ओरडत त्यांच्या मागे धावली.

सोपानराव आडवे आले. "भिवा, येडा झाला का बे? बार बसलाय खाली!"

"मीच भरलाय. ठावं हाय कुठं बसलाय ते. झिऱ्यात चरवीभर तरी पानी साचलं आसंल."

"नेम हाय सोसायटीचा. उद्याच्याला उतर की! आज कावून?"

"उद्यापत्तोर म्हातारी ऱ्हाती का, ते इचारून या आदी," अण्णा म्हणाले. "तापानं तोंड वाळलंय तिचं. चला, यारी धरा. आवाज करू नगा."

चपला त्यांनी काठावर काढल्या. चरवी दगडाला लागून खणकू नये म्हणून ते फडकं होतं. माणसांनी यारी धरली. यारीच्या चाकाला कुरकुर होती, तिच्यावर सोपानरावांनी स्वतःच्या डोक्याचं तेल पुसून लावलं. अण्णांचं डोकं काठाखाली गेलं तेव्हा त्यांचे केस अजून ओले होते.

मी मोजू लागले. आता मोजायला बार नव्हते. खालून करवंटी पाण्यात बुडाल्याचा, मग चरवीत रिकामी झाल्याचा आवाज येई. एक. दोन. तीन. मध्येच काही ऐकू आलं नाही की मी काठाकडे सरके. मला प्रार्थना करायची होती, पण काय मागायचं? रूथबाईंच्या शिकवणीप्रमाणे अण्णा वाचलेले होते. बाप्तिस्मा झाला होता. आता बार उडाला तरी ते आमच्याकडेच येणार होते. मग मला हायसं वाटायला हवं होतं ना? तसं काही वाटलं नाही. मला स्वर्गात भेटणारे अण्णा नको होते. मला विहिरीतून वर येणारे हवे होते, डोकं दुखवणाऱ्या हातांचे. आणि खरं तर तिसरं नाव मी घेतलेलंच नव्हतं. म्हणजे दोन्हीकडून ते माझ्याच हातून जाणार होते. दहा वर्षांची होते मी. तेव्हाइतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही, बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हाही नाही.

कुणीतरी माझा खांदा धरला. रूथबाई होत्या. त्या विहिरीकडेच बघत होत्या. "प्रार्थना कर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमीच करा." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, पण शब्द काही निघेनात. तेवढ्यात दोर हलला. यारीवर माणसं कमीच होती, नियम मोडायला सगळे तयार नव्हते. रूथबाईंनी डोळे उघडले, पदर खोचला आणि पांढऱ्या लुगड्यानिशी दोराला हात घातला. बायामाणसांनी यारी ओढू नये असंही तिथे होतं, पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही. आईनेही हात घातला. ओढताना रूथबाई मोठमोठ्याने "हां, अजून! हां, अजून!" म्हणत होत्या, आणि मला वाटतं त्यांची प्रार्थना तीच झाली.

अण्णा वर आले. पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. चरवी पाऊण भरलेली, पाणी गढूळ. रूथबाई हाताच्या फोडांकडे बघत खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. अण्णा त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्या देवाला आज लई पळापळ झाली बघा." त्या रडता रडता म्हणाल्या, "चूप बस रे."

मी अण्णांच्या मागे मागे काशीआजींकडे गेले. त्या ओट्यावर भिंतीला टेकून होत्या. चिमटीत विभूती धरून ठेवलेली, कधीपासून कोण जाणे. ओठांना भेगा पडल्या होत्या. चिमूट सोडली, घोट घेतला, दुसरा घेतला, आणि विचारलं, "आज उशीर?"

"पोरीनं नाहू घातलं मला," अण्णा म्हणाले. "म्हनून."

"असल्या दुष्काळात नाहू घातलं?" आजींनी माझ्याकडे पाहिलं. "राजाच की रे तू, भिवा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बसलेल्या बाराशेजारी नवं भोक पाडून दोन्ही एकदम उडवले. आजींचा ताप उतरला. त्या पुढे कितीतरी वर्षं जगल्या. विहिरीला पुढच्या उन्हाळ्यात खरा झरा लागला. सोसायटीने पेढे वाटले. मग माजलगावच्या धरणाचं काम निघालं, तिथे सुरुंगवाले हवे होते, आणि अण्णा तिकडे गेले. तिकडचे बार मला ऐकू येत नसत. तरी रोज दुपारी मी कान देऊन बसायचीच.

आज्जी, म्हणजे अण्णांची आई, गेली तेव्हा मी बीडला नोकरीला लागले होते. आता शब्दाचं बंधन उरलं नव्हतं. पाळकसाहेब आनंदाने घरी आले, दिवस ठरवू म्हणाले. अण्णा म्हणाले, "माझा झालाय." कुणी दिला? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं, लहान मुलीने दिलेला चर्चची मंडळी धरत नाही, वहीत नाव लागत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब," ते म्हणाले, "त्या पान्यापायी येक म्हातारी मराय टेकलती. येवढं महाग पानी कुनाच्या डोक्यावर पडलंय? आता अजून कुठलं घेऊ?" आणि मरेपर्यंत ते पायरीवरच बसले.

माझी भीती मात्र तिथून नव्याने सुरू झाली. त्यांनी खरा बाप्तिस्मा घेतला नाही तो माझ्यामुळे. आणि माझा तर अर्धवट. एका 'हां'वर हा माणूस आपलं सगळं सोपवून बसला होता, आणि ते 'हां' खोटं होतं. कितीदा सांगायला गेले आणि पाणी विचारून परत आले. सांगितलं तर त्यांचा विश्वास मोडेल, नाही सांगितलं तर ते तसेच जातील. रात्र रात्र हेच. चर्चमध्ये विश्वास आणि कृती यावर उपदेश सुरू झाला की मी उठून बाहेर जाई.

शेवटच्या आजारात ते बीडला माझ्याकडेच होते. एका दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते. कपाळावरचा पांढरा पट्टा अजून होता. तिथे ओलं फडकं टेकवलं आणि मला राहवलं नाही.

"अण्णा, मी खोटं बोलले होते. तेव्हा. सगळं म्हटलं नव्हतं मी. दोनच नावं घेतली. तिसरं राहिलं. पाळकांना बोलावू का? माझ्यासाठी तरी घ्या."

ते छताकडे पाहत होते. मला वाटलं ऐकलंच नाही. मग त्यांनी हात उचलला. माझ्या डोक्यापर्यंत तो पोचेना, म्हणून मी खाली वाकले.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पयलं पानी पडलं तवाच जागा झालतो मी. दोन तू म्हनलीस. तिसरं मी म्हनलं, मनात."

हे त्यांनी खरं सांगितलं, की माझी भीती जावी म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. अण्णा जन्मात कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. पण कुणी भ्यालेलं त्यांना बघवत नसे, हेही मला माहीत आहे.